शिडाच्या टोकाची शॅकल

३ जाने., शुक्रवार

दुपारी शेडवर वैशाली आली. दोन वर्षांनी. मी ड्रिलवर वाकलो होतो. 'शेळके काका' ऐकलं आणि मान वर करायच्या आत ओळखलं.

महाळुंग्याच्या कंपनीत मी टूलरूमला, साचे-मशीन दुरुस्तीत, असताना ती प्रेसवर, पत्रा दाबायच्या मशीनवर, होती. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. आता सावरलीय. बोलताना हात ओढणीखाली घेत नाही.

प्लास्टिकच्या पिशवीतून एक शॅकल काढून टेबलावर ठेवली. इंग्रजी डी सारखी कडी, तिला आडवी पिन, पिनेला आटे. मला वाटलं कुठल्यातरी क्रेनची. नाही म्हणाली, होडीच्या शिडाची. इस्माईलभाईंनी लेथ बंद केला. शेड त्यांची, मी कोपरा वापरतो. पण भोसरीत शिडाची होडी कोण आणणार म्हणून तेही जवळ आले.

झालं असं. हाताचा व्यायाम घेणाऱ्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात ती आता पेशंटचे नंबर लावते. बाईंनी पकड यावी म्हणून दोरी ओढायला सांगितली. बाईंचे वडील नेव्हीतून निवृत्त, पवना धरणावर चार-पाच लहान होड्या ठेवल्यात, रविवारी शिकवतात. ही दोरी ओढायला म्हणून गेली आणि होडीतच बसली. सहा महिने झाले.

शीड वर चढवायची दोरी, तिला हॅलयार्ड म्हणतात म्हणे. तिच्या टोकाला ही शॅकल. पिन शिडाच्या टोकाच्या भोकातून घालायची, फिरवून आवळायची, मग दोरी ओढली की शीड डोलकाठीवर चढतं. डाव्या हातात फडफडणारं शीड, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं नि करंगळीशेजारच्या बोटानं एवढीशी पिन फिरवायची. आत्तापर्यंत सात पिना पाण्यात गेल्या. सरांचा, म्हणजे बाईंच्या वडिलांचा, नियम असा की जो एकटा होडी नेणार त्यानं शीड स्वतः लावायचं, स्वतः उतरवायचं. मध्ये पाण्यात काही झालं तर किनाऱ्यावरून कोण येणार. हिला एकटीनं न्यायचीय.

'तुम्ही टूलरूमचे. मला जमेल अशी एक करून द्या,' म्हणाली.

जाताना आपण होऊनच म्हणाली, 'चूक माझीच होती काका. बाजूनं हात घातला मी. मला आठवत नाही, पण तसं लिहिलंय म्हणजे घातला असणार.'

करतो म्हटलं.

६ जाने., सोमवार

इथं लिहून टाकतो. दुसरीकडे कुठं लिहिणार.

त्या प्रेसला पुढे सेन्सर होता. हात आत गेला की प्रेस थांबायची. तेलाच्या धुरकटीनं सेन्सर उगाचच सप्लाय तोडायचा, दर दहा मिनिटांनी प्रेस बंद. माल जायचा होता. सुपरवायझर म्हणाला, शेळके, आजच्या दिवस बायपास मार, उद्या नवीन मागवू. सेन्सर वगळून प्रेस चालावी म्हणून मी पॅनेलमध्ये वीतभर तार टाकली. नवीन सेन्सर आला नाही. तार अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी वै.चा हात.

तिला उचलून नेत होते. सुपरवायझरनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पॅनेल उघडलं, तार काढली, खिशात घातली. दुपारी तपासणीला साहेब आले तेव्हा सेन्सर पुसलेला, चालू. कागदावर आलं: सुरक्षा यंत्रणा सुस्थितीत, ऑपरेटरने नियम मोडून बाजूने हात घातला.

बाजूनं कोणी हात घातला नव्हता. समोरूनच जायचा सगळ्यांचा. समोरूनच काम होतं ते.

सहा महिन्यांनी नोकरी सोडली. निवृत्तीला दीड वर्ष होतं. सगळ्यांना गुडघा सांगितला. त्या दिवशीच्या पानावर वहीत काय लिहिलंय ते आज काढून बघितलं. 'प्रेस नं. ४ बंद. लवकर घरी.' एवढंच.

९ जाने., गुरुवार

भोसरीला सुट्टी. सौ.ला सांगितलं, वैशाली आली होती. तिला तारेचं माहीत आहे. मी आणि सुपरवायझर सोडून तिलाच.

ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, आता कशाला उकरता, सांगनारा येगळा व्हता, तुमी हुकमाचे चाकर. पुढची जुडी घेतली. मग म्हणाली, 'पन तार काढाया कुनी सांगितलं न्हवतं.'

हे तिनं दोन वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

१२ जाने., रविवार

धरणावर गेलो. चिखलीच्या घरून स्कूटरवर दीड तास, गुडघ्याचे हाल. पण शॅकल कुठं बसते ते बघितल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, तीस वर्षांची सवय.

सर उंच, वाळलेले, सत्तरीचे, फार कमी बोलतात. मला होडी आडवी करून डोलकाठीचं टोक दाखवलं. टोकाला पुली, दोरी तिच्यावरून. शिडाच्या टोकाला पत्र्याची जाड तिकोनी पट्टी, तिला भोक. शॅकल त्या भोकात. मी मोजायला व्हर्निअर काढला. भोक ८ मिलिमीटर, पट्टी ६ जाड. आत्ताची पिन ५ ची, म्हणजे भोकात खुळखुळते. सर म्हणाले म्हणूनच भोक लांबट व्हायला लागलंय. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली शॅकल, लोहचुंबक लगेच चिकटला, म्हणजे चांगलं स्टेनलेस नाही. गंज धरलाय.

वै.ला पिन लावताना बघितलं. शीड वाऱ्यावर फडफडतं, पट्टी हातातून निसटते, पिनेचं तोंड आट्याला लागत नाही. लागलं तर वाकडं लागतं. दोन पोरी मदतीला धावल्या, तिनं त्यांना मानेनंच थांबवलं. अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. मग पिन पडली, आठवी.

तिनं काही आदळआपट केली नाही. खिशातून नववी काढली.

१४ जाने., मंगळवार

संक्रांत. सौ.नं तिळाच्या वड्या शेडवर पाठवल्या, इ.भाईंनी घरी पोरींसाठी बांधून नेल्या.

त्यांच्याशी चर्चा. आट्याची पिन बादच. आटे म्हणजे पाच-सहा फेरे, तिला एक फेरासुद्धा जड. शिवाय स्टीलवर स्टीलचे आटे कधी जाम होतील सांगता येत नाही. इ.भाई म्हणाले कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तसला खटक्याचा हूक का नको, ओढला की उघडतो. सरांना फोन केला. म्हणाले तशा शॅकल येतात, माझ्याकडे एक पडलीय, रविवारी लावून बघू. पण आवाजात उत्साह नव्हता.

१९ जाने., रविवार

खटक्याची शॅकल लावली. वै.नं एका झटक्यात अडकवली. सात सेकंद. तिनं माझ्याकडे बघितलं ते बघणं मला सहन झालं नाही, मी दुसरीकडे बघितलं.

सर बरोबर बसले. होडी धरणाच्या मध्यापर्यंत गेली. वळताना शीड जोरात फडफडलं आणि एकदम खाली आलं, चादर दोरीवरून पडावी तसं. खटक्याची कडी कशाततरी अडकून ओढली गेली असणार. शॅकल सुटली आणि दोरीचं टोक सर्रकन वर, पुलीपाशी जाऊन बसलं. आता ना शीड ना दोरी. वारा त्यांना पलीकडच्या झुडपांकडे ढकलत होता. सर वल्हं मारत आले. गुडघाभर पाण्यात होडी आडवी पाडून ते टोक काढावं लागलं.

वै. भिजून चिंब. सरांनी शॅकल खिशात टाकली. 'जे हाताला सहज उघडतं, ते वाऱ्यालाही सहज उघडतं,' म्हणाले. मग मला म्हणाले, सोपं करा, पण सैल करू नका.

परत येताना देहूरोडपर्यंत हेच वाक्य. सेन्सरसुद्धा आम्ही सोपाच केला होता.

२१ जाने., मंगळवार

सरांनी एक चित्र पाठवलं. पिनेला आटे नाहीत. पिनेचं टोक चपटं, किल्लीसारखं. कडीच्या एका बाजूला कुलपाच्या भोकासारखी खाच. पिन आत घालायची, पाव फेरा फिरवायची, टोक आडवं होतं, झालं. आणि पिन दुसऱ्या बाजूनं कडीतच अडकलेली, पूर्ण बाहेर येतच नाही. म्हणजे पाण्यात पडणार नाही. ताण आला की टोक खाचेत जास्तच बसतं.

पाव फेरा तिला जमेल.

बाहेर देशात मिळते, इथं नाही. म्हणजे करायची. ड्रॉइंग काढायला बसलो. पिनेची मूठ कशी असावी, तिथं पेन्सिल थांबली. तिची पकड कशी आहे, ते मला कुठं माहीत.

२३ जाने., गुरुवार

सुट्टी. वै.ला घरी बोलावलं. सौ.नं कणीक भिजवली, जरा घट्टच. मी वै.ला म्हटलं हा गोळा कुलपाच्या किल्लीसारखा धर आणि फिरव.

धरला. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट. राहिलेली दोन खुंटं मागे आधाराला टेकतात. कणकेवर ठसा उठला. एकदा नाही, पाच वेळा करायला लावलं, पाचही ठसे मोजले. अंगठा सपाट येतो, बोट तिरकं येतं, साधारण वीस अंशात. म्हणजे मूठ दोन्ही बाजूंनी सारखी करून उपयोग नाही.

ठसा नीट यावा म्हणून तिचा हात मला धरावा लागला. दोन वर्षांत तो हात मी एकदाही सरळ बघितला नव्हता. शिवण पांढरी झालीय. बोटाच्या टोकाला थंडी जास्त वाजते म्हणाली, कारण टोक नाही हे त्याला अजून कळलेलं नाही.

सौ. चहा ठेवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही.

त्याच कणकेच्या पोळ्या करू का विचारलं तिनं. वै. हसली, म्हणाली करा की.

२८ जाने., मंगळवार

पहिला नमुना. ३१६ स्टेनलेसच्या बारमधून. इ.भाईंनी खाच मिलिंगवर काढली, मी पिन घासली. चुंबक चिकटत नाही. पिन ७.५, भोकात छान बसेल. इ.भाई खूश.

२ फेब्रु., रविवार

नापास. वै.ला लावता आली, एक मिनिटाच्या आत, हे खरं. पण मी कडी लांब ठेवली होती, पकडायला बरी म्हणून. लांब कडी वर पुलीला जाऊन आधीच थडकते. शीड चार बोटं खालीच राहिलं. सर म्हणाले, शीड पूर्ण चढलं नाही तर त्याची पुढची कड ढिली पडते, मग होडी वाऱ्याच्या दिशेनं वर जात नाही. वै. म्हणाली चालेल मला एवढं. सर नाही म्हणाले. मीही नाही म्हटलं.

'आजच्या दिवस चालेल' हे मी आयुष्यात एकदा ऐकलंय.

५ फेब्रु., बुधवार

दुसरी. कडी आखूड. पण तोंड अरुंद झालं, पट्टी आत फिरत नाही, कोपरा घासतो. स्क्रॅपमध्ये टाकली. इ.भाई म्हणाले, 'शेळके भाऊ, इतक्या बारकाईनं आपण विमानाचा जॉबपण केला नाही. कोण आहे ही पोरगी तुमची?'

कंपनीत होती म्हटलं.

 त्यांनी पुढे न विचारता नवीन बार कापायला घेतला. तीस वर्षं प्रेसच्या डायी, म्हणजे साचे, दुरुस्त केलेला माणूस आहे तो. त्याला काही सांगावं लागतं असं वाटत नाही.

७ फेब्रु., शुक्रवार

तिसरी. आखूड पण तोंडाशी रुंद. मूठ तिरकी, एका बाजूला वीस अंश. कडा सगळ्या मोडल्या, बफ मारून गुळगुळीत केल्या, दोरीत अडकेल असं काही ठेवलं नाही.

चेनपुलीला टांगली, खाली जुनी डाय, अडीचशे किलो. सकाळी दहा ते दुपारी दोन. होडीत याच्या निम्माही ताण येणार नाही, सरांनी सांगितलं होतं. दोन वाजता उतरवून पिन मोजली. ७.५. केसाचाही फरक नाही. मग हातोडीनं ठोकत, हलवत, दोरीला बांधून फडफडवत. सुटली नाही.

इ.भाईंनी त्यांच्या फडक्यानं पुसून हातात दिली.

९ फेब्रु., रविवार

लागली. चाळीस सेकंद, मग पंचवीस, मग मी घड्याळ ठेवून दिलं. शीड पार टोकापर्यंत. सर पाण्यात उतरून डोलकाठीला डोळा लावून बघत होते, मग वै.ला म्हणाले, पुढच्या रविवारी एकटी.

नंतर किनाऱ्यावर दगडावर बसून आम्ही डबा खाल्ला. ती खूप बोलली आज. नवरा बालाजी लातूरकडचा, चाकणला फोर्कलिफ्ट चालवतो, चांगला आहे, पण मध्येच कधी म्हणतो, ध्यान कुठं होतं तुझं. पोळी लाटताना, रस्ता ओलांडताना तिला स्वतःचीच भीती वाटायची म्हणाली. 'माझ्या हातावर माझाच भरवसा नव्हता काका. एकदा बाजूनं गेला ना तो. परत कुठं जाईल काय सांगावं. आज पहिल्यांदा वाटलं की नाही, ऐकतोय माझं.'

मी डब्याचं झाकण लावलं. 

शॅकल दिली म्हणजे काय दिलं मी तिला. तिचा हात ऐकतच होता पहिल्यापासून.

१२ फेब्रु., बुधवार

सौ.शी बोललो. सांगायचं म्हटलं. ती म्हणाली पोलीस आलं तर. म्हटलं येऊ दे. ती म्हणाली, तुमचं मन हलकं व्हावं म्हणून सांगनार असाल तर नका सांगू, त्या पोरीला वझं होईल.

तीन दिवस हाच विचार. माझ्यासाठी की तिच्यासाठी. दोन्ही असेल. पण कागदावर तिच्या नावापुढे लिहिलेलं खोटं आहे, आणि ती ते खरं धरून जगतेय. हे तरी माझ्यासाठी नाही.

होडीत जायच्या आधी सांगायचं नाही. परत आल्यावर.

१६ फेब्रु., रविवार

गेली. एकटी. सगळं स्वतः लावलं. पलीकडच्या टेकडीखालच्या वळणापर्यंत गेली, शीड नखाएवढं दिसत होतं. तिथं वळली. वळताना फडफडलं. मी आणि सर दोघंही उभे होतो. शीड वरच राहिलं. पाऊण तासानं परत.

सर दुसऱ्या होडीकडे गेले तेव्हा सांगितलं. ती घोटाभर पाण्यात उभी, होडी धरून. मी सरळ सांगितलं. सेन्सर मी बायपास केला होता. अकरा दिवस. तू हात बाजूनं घातला नाहीस, समोरून घातलास, रोजच्यासारखा. प्रेस थांबायला हवी होती, थांबली नाही, माझ्या तारेमुळे. नंतर तार मीच काढली.

  तिनं विचारलं, 'तार काढली तेव्हा मी कुठं होते?'

म्हटलं, गेटपर्यंत गेली नव्हतीस. तुला उचलून नेत होते.

अजून एक विचारलं. 'मला ओरडताना ऐकलंत का?' म्हटलं हो.

 मग तिनं दोरी सोडून शीड उतरवलं. शॅकल काढली, पाव फेरा. शीड घडी केलं, पिशवीत भरलं, होडी वर ओढायला हात लावला. सरांनी शिकवलेलं एकही काम सोडलं नाही. मग पोरींबरोबर जीपमध्ये बसून गेली. माझ्याकडे पाठ नव्हती केली, पण बघितलंही नाही.

सर जवळ आले. वाद झाला का, विचारलं. म्हटलं वाद नाही.

१९ फेब्रु., बुधवार

शेडवर जातो, येतो. हातात काम नाही लागत. इ.भाईंना आज सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला अंदाज होता, शॅकलला एवढा जीव कोण लावतो. मग म्हणाले, आता तिच्या मागे लागू नका. माफी मागायला वारंवार गेलं तर तोपण त्रासच असतो.

२३ फेब्रु., रविवार

धरणावर गेलो नाही. फोन आला नाही. सौ.नं दोनदा विचारलं.

सरांना मेसेज केला, होडी ठीक ना. उत्तर: 'होडी ठीक. वैशाली आली नाही.'

२६ फेब्रु., बुधवार

बालाजी आला. वै.चा नवरा. आधी कधी बघितलं नव्हतं. गणवेशातच, शिफ्ट सुटून सरळ आला होता. दारात उभा राहिला, शेळके तुम्हीच का विचारलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. इ.भाई पुढे झाले, मी त्यांना थांबवलं.

त्यानं मारलं नाही. स्टुलावर बसला. हातातला हेल्मेटचा पट्टा ओढत बसला.

'दोन वर्षं मीच म्हणतोय की ओ तिला, ध्यान कुठं होतं तुझं म्हणून,' म्हणाला. 'लेकरासमोर म्हटलंय. तिच्या आईसमोर म्हटलंय.'

मी पाणी दिलं. प्यायला. ती कशी आहे विचारलं. म्हणाला बोलत नाही जास्त, पण रडतही नाही. परवा रात्रीच्या जेवणाला पोळ्या लाटताना मध्येच थांबली आणि हात उलटा-सुलटा करून बघत राहिली. त्यानं विचारलं काय बघतेस. म्हणाली, काही नाही, हा चांगला होता.

जाताना त्यानं मला शिवी दिली. हळू आवाजात, एकच. मग नमस्कार करायला हात उचलला आणि अर्ध्यातच खाली घेतला.

२ मार्च, रविवार

सरांचा मेसेज आपणहून. 'वैशाली आज आली. एकटी गेली. वारा चांगला.' त्याखाली फोटो नाही, काही नाही.

सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, परत वाचा.

४ मार्च, मंगळवार

वै. आली. अकराच्या सुमारास, दवाखान्यातून तासाभराची रजा घेऊन. इ.भाई चहाला म्हणून बाहेर निघाले, ती म्हणाली थांबा भाई, तुम्ही ऐकलेलं बरं.

म्हणाली, मला सांगितलंत ते लिहून द्या. तारीख, वेळ, कोणी सांगितलं, कोणी केलं.

शेडमधल्या बिलबुकाच्या टेबलावर बसून लिहिलं. दोन पानं. सुपरवायझरचं नाव लिहिलं, माझं पूर्ण नाव लिहिलं.  तिनं उभ्यानंच वाचलं, एकेक ओळ, बोट न ठेवता. दुसऱ्या पानावर थांबली. मी लिहिलं होतं, 'दुसऱ्या दिवशी काढायची ती तार राहून गेली.'

'राहून गेली नाही,' म्हणाली. 'ठेवली.'

खोडलं. ठेवली लिहिलं. खोडलं तिथं तिनं सही करायला लावली, शेवटी एक, आणि साक्षीदार म्हणून इ.भाईंची.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मी म्हटलं कुठं द्यायचा असेल तर मी बरोबर येईन, सांगशील तिथं उभा राहीन. ती म्हणाली, द्यायचा की नाही, कुठं, कधी, ते माझं मी ठरवीन. तुम्ही विचारायचं नाही.

हो म्हटलं.

चहा आला होता, तो प्यायली. इ.भाईंना म्हणाली शॅकलला पाणी बाधत नाही, छान आहे. मला काही म्हणाली नाही. मग बसची वेळ झाली म्हणून निघाली.

रविवारी धरणावर येऊ का, हे विचारायचं राहून गेलं.

राहून गेलं नाही. विचारलं नाही मी.